‘घरी-नको’ या टॅगखाली

मी निघाले तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं. त्यामुळे बाबा मारेगावच्या स्टँडपर्यंतच आले. वणीची एसटी लागलेलीच होती. त्यांनी बॅग सीटखाली सरकवली, ती हलत नाही ना हे दोनदा पाहिलं आणि मळणीयंत्रवाला थांबलाय म्हणत निघून गेले. आई बल्लारशापर्यंत सोबत आली. ती अंगणवाडी सेविका आहे, तिने एका दिवसाची रजा काढली होती. बंगलोरची गाडी सुटताना तिने खिडकीच्या गजावर हात ठेवला. "काही लागलं तं सांगजो," एवढंच म्हणाली. मी "हो" म्हणाले.

आपल्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर मी कधी काही लिहीत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यातले निम्मे जण अजून मारेगाव, वणी, यवतमाळ इथेच आहेत आणि निम्मे माझ्यासारखे बाहेर. दोघांनाही हे सांगावंसं वाटतंय. शाळेत मराठी बोलायचं नाही आणि घरी इंग्लिश झाडायचं नाही, असं आपलं बालपण गेलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना दोन्ही भाषा छान येऊ लागल्या. मी दोन्हीत कमी बोलायला शिकले.

बंगलोरला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम होतं. काम मला जमायचं, मीटिंग जमायची नाही. रोज सकाळी दहा मिनिटांचा कॉल असायचा, काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं. माझं नाव घेतलं की मी दोन शब्द पुटपुटायचे. मॅनेजर चांगला माणूस होता, पण "जरा मोठ्याने" हे त्याचे शब्द मला झोपेतही ऐकू यायचे.

बोलण्याऐवजी मी साठवायचे. एक बुकमार्किंगची साइट आहे. हल्ली फार लोक ती वापरत नाहीत, लिंक सापडली की सगळे ग्रुपवर टाकून मोकळे होतात. तिथे मात्र आपण पान जपून ठेवतो, त्याला हवे तेवढे टॅग लावतो आणि खाली दोन ओळींची टीप लिहितो. तोच टॅग जगात कुणीही लावला असेल तर त्यांची पानंही आपल्याला दिसतात. मला ही शांतता आवडायची. स्वतः कुठेही न जाता अनोळखी माणसांच्या कपाटातून हिंडून यायचं. जुन्या नकाशांसाठी एक टॅग, पक्ष्यांच्या आवाजासाठी एक. दिवाळीत घरी गेले तेव्हा आईलाही खातं उघडून दिलं. कागदाची खेळणी, बडबडगीतं, मुलांच्या खाऊच्या पाककृती, अशी पानं मी ‘आई’ या टॅगखाली ठेवायचे आणि ती अंगणवाडीत वापरायची.

आणखी एक टॅग होता, ‘घरी-नको’. राजीनामा कसा लिहावा. नोटीस पिरियड किती असतो. बोलण्याची भीती म्हणजे आजार का. नोकरी सोडल्याचं आईवडिलांना कसं सांगावं. या शेवटच्या विषयावर मी अकरा पानं जपली होती आणि एकाचाही उपयोग झाला नाही. संक्रांतीनंतर मी नोकरी सोडली आणि घरी सांगितलं नाही. रोज फोनवर "ऑफिसात काम आहे" म्हणायचे. बाबांनी आमच्या अख्ख्या गल्लीला माझ्या कंपनीचं नाव पाठ करून दिलं होतं. खरं कळलं तर ते म्हणतील, ये परत, आणि परत आले की लग्नाचं सुरू होईल, हे मला दिसत होतं. ग्रंथालयशास्त्राला प्रवेश घ्यायचं मनात होतं. त्या अभ्यासक्रमाचं पानही याच टॅगखाली होतं. एखादं पान किती जणांनी जपलंय ते साइट त्याच्या खाली दाखवते. इथे जपणारी एक व्यक्ती, म्हणजे मीच. फॉर्म मात्र भरवत नव्हता. घरच्यांना खोटं सांगून आणखी दोन वर्षं काढायची हिंमत माझ्यात नव्हती.

खातं सगळ्यांना दिसतं, हे मला माहीत होतं. पण बघणार कोण?

मार्चमध्ये एका दुपारी ‘घरी-नको’ उघडलं तर वर एक नवं पान. तूरडाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं. माझं नव्हतं. टीप आईची होती, "इकडं ऊन लय तापून राह्यलं. तिकडं पाणी येते ना नळाले?"

मी लॅपटॉप झाकून टाकला. थोड्या वेळाने परत उघडला. ते तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर आई नेहमीसारखीच बोलली. मीही. संध्याकाळी आणखी एक पान आलं, शेवग्याच्या पाल्याचे पराठे. टीप, "जेवली काय वं? का नुसता चहाच?" मग लहान मुलांच्या दातांवर एक. मग कळंबच्या चिंतामणी गणपतीचे फोटो, खाली "गर्दी नोती. बाबा वैतागले, चप्पल हरपली." टॅगमध्ये जागा सोडता येत नाही, म्हणून तिने शब्द जोडून जोडून स्वतःचे टॅगही केले होते. एकाला ‘पोरगी-वाळली-असन’, एकाला ‘कायले-भेते’. अख्ख्या जगाला दिसेल असं.

चौथ्या की पाचव्या पानावर मला कळलं ती काय करते आहे. शाळेला सुट्टी असली की मी तिच्यासोबत गृहभेटीला जायचे. एखाद्या बाळाचं वजन घसरलं की आई त्या घरी जाते, पण बाळाबद्दल विचारत नाही. पाणी मागते. बसते. कापूस किती झाला, बकरी व्याली का, असं बोलत राहते. विचारलं की बाई सगळं बरं आहे म्हणते आणि रजिस्टरमध्ये चुकीची नोंद होते, असं ती सांगायची. न विचारता बसून राहिलं की बाई स्वतःच बाळाला मांडीवर घेऊन सांगू लागते. कधी पहिल्या भेटीत, कधी सहाव्या.

सातवं पान आलं, म्हणजे माझ्याकडे ती सातव्या भेटीला होती.

त्या दिवशी मी तिच्या पराठ्याच्या पानाखाली उत्तर लिहिलं. मराठी टाइप करायला मला वेळ लागतो. "जेवते. नोकरी जानेवारीत सोडली. बोलता येत नव्हतं. लायब्ररीचं शिकायचं आहे. बाबांना सांगू नको." पाठवलं आणि चालायला बाहेर पडले. फोन खोलीत ठेवून.

परत आले तेव्हा कॉल नव्हता, मेसेज नव्हता. साइटवरही काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. रोजचा फोनही आला नाही. मीही केला नाही. तिसऱ्या दिवशी मी काहीतरी करायचं म्हणून माझी जुनी पानं पुसायला बसले. राजीनामा गेला, नोटीस पिरियड गेला. मग ग्रंथालयशास्त्राचं पान आलं. त्याच्या खाली लिहिलं होतं, जपणाऱ्या व्यक्ती दोन.

दुसऱ्या नावाखाली टीप होती. "मले राहवलं नाही, बाबाले दाखवलं. दोन दिवस गुमसुम होते. आज इचारलं, फारम भरला का तिनं? तारीख जवळ आली म्हणे. आता तूच सांग त्याह्यले."

मी बाबांना फोन केला. त्यांनी उचलला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"लायब्ररीत म्हणे बोला लागत नाई," तेच आधी म्हणाले.

"फार नाही लागत, बाबा."

"मंग बराबर हाय तुह्यासाठी." मग म्हणाले, "पण आमच्याशी बोलत जाय बाप्पा. हे तुह्या मायले चष्मा लावून वाचा लागते, मंग मले वाचून दाखवते. अर्धं तं ते गाळतेच."

मी हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा फोनवर हसताना पुढचं वाक्य तयार करायचं नव्हतं.

फॉर्म त्याच दिवशी भरला. आता वर्ग सुरू झालेत. पुस्तकाला विषय कसा द्यावा, एकच पुस्तक दोन विषयांत बसत असेल तर काय करावं, हे आम्हाला शिकवतात. अजूनही मला मोठ्याने बोलता येत नाही आणि अजूनही गाव सोडून आल्याची हुरहूर संध्याकाळी येते. पण पूर्वी घर म्हटलं की मला एक खोली आठवायची, जिच्यात शिरण्याआधी चेहरा नीट करायचा. परवा बाबा माझ्याशी फोनवर बोलत असताना त्यांना चहाच्या टपरीवर कुणीतरी माझ्या कंपनीबद्दल विचारलं. फोन त्यांच्या कानाला तसाच होता. "सोडली तिनं ते," बाबा म्हणाले. "आता पुस्तकायचं शिकून राह्यली." समोरच्याने विचारलं, काहून? बाबा म्हणाले, "तिले आवडते," आणि दोन चहा सांगितले.