रॅम्पवरची रांगोळी

"मॅडम, चार पोरं खुर्ची अलगद उचलत्यात की! त्यासाठी बुजवलेलं दार कशाला फोडायचं?"

नाट्यगृह समितीचे अध्यक्ष बापूसाहेब माझ्या ड्रॉइंगवर चहाचा कप ठेवून विचारत होते. मी कप उचलला.

"उचललेलं मालनआक्कांना चालणार नाही."

"आवं, आक्का घरचीच हाय आमच्या!"

मी साताऱ्याची कन्झर्व्हेशन आर्किटेक्ट. म्हणजे जुन्या इमारती दुरुस्त करायच्या, पण त्यांचं जुनेपण घालवायचं नाही. हे नाट्यगृह सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं, संस्थानी काळातलं. पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून बांधणाऱ्यांनी जोतं चांगलं चार फूट उचललेलं. समोर दगडी पायऱ्या, आणि त्यांना हात लावायचा नाही. पुरापासून वाचवणाऱ्या त्या जोत्यानंच व्हीलचेअरवरची माणसं बाहेर ठेवली होती.

मालनआक्का त्यांतल्याच. आमच्याकडे गावोगावच्या जत्रेत हौशी पोरं नाटक बसवतात आणि नायिकेच्या कामाला बाहेरून बाई बोलावतात. आक्कांनी उभी हयात हे काम केलं. पिंपांवर फळ्या टाकलेल्या स्टेजवर त्या राणी झाल्या, पाटलीण झाल्या. या पक्क्या थिएटरात मात्र त्यांना कुणी कधी बोलावलं नाही. आता शुगरनं एक पाय गेल्यावर समितीला त्यांचा सत्कार सुचला होता.

मोजमापाच्या दिवशी त्या रिक्षातून बघायला आल्या होत्या. खाली उतरल्याच नाहीत.

"बाई, एक सांगू? नाटकात नवरा झालेल्यानं हात धरायचा, पडदा पडला की सोडायचा. मग अंगाला बोट लावू दिलं न्हाई कुणाला. म्हणून तर गावोगाव मानानं फिरले. आता म्हातारपणी चार बाप्यांनी उचलायची मला? आपल्या हातानं चाक फिरवून जाता येत आसंल तर येते. न्हाईतर सत्कार ऱ्हाऊ द्या."

त्या दिवसापासून माझ्यासाठी ते काम आक्कांचं झालं.

रॅम्पचं गणित सोपं असतं. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा केला तर चाक मागे येतं. एवढी जागा फक्त नदीच्या अंगाला होती. तिथं जुन्या काळी पडदे-सीनरी आत घ्यायचं दार होतं, विटांनी बुजवलेलं. ते उघडलं की माणूस थेट विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेला. बापूसाहेब कुरकुरले, पण तयार झाले. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. पुढं मिस्त्र्यांना स्वतः चहा पाजत तेच उभे राहिले.

सत्कार आणि रॅम्पचं उद्घाटन एकाच कार्यक्रमात ठरलं. मी पोचले तर रॅम्पच्या तोंडाशी लाल फीत आणि वरपर्यंत मोराची रांगोळी. फितीच्या अलीकडे आक्का हिरव्या इरकलीत, व्हीलचेअरवर ताठ बसलेल्या.

"बापूसाहेब, फीत सोडा. आक्कांना वर जाऊ दे."

"पाहुण्यांच्या आधी कसं? त्यांचा मान असतोय, मॅडम. गाडी कराडात हाय, आलीच."

आपल्याकडे विहिरीला पाणी लागलं तरी नारळ फुटल्याशिवाय घागर भरत नाहीत. वाद घालण्यापेक्षा आतलं दार उघडून ठेवावं, फीत कापली की आक्का लगेच येतील, असं मनाशी म्हणत मी विंगेत गेले. कडी घट्ट बसली होती. मी ती ठोकत असतानाच माईकवरून आक्कांचं नाव पुकारलं गेलं. पाहुणे येईपर्यंत सत्कार उरकून घ्यायचं ठरलं होतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणून मी वळून बघितलं. चार कार्यकर्ते खुर्ची खांद्याला लावून, समोरच्या दगडी पायऱ्या चढून, प्रेक्षकांमधल्या वाटेनं येत होते. "आक्के, निवांत बस!" एकानं त्यांच्या पाठीला हात लावला होता. आक्कांनी दोन्ही मुठींत पदर गच्च धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना ते दृश्य फार हृद्य वाटलं. मला संतापानं रडू फुटलं.

शाल आली, नारळ आला. निवेदक म्हणाला, "आक्का, एखादा जुना प्रवेश होऊन जाऊ द्या!" आक्कांनी फक्त हात जोडले. आयुष्यभर ज्या स्टेजवर कुणी येऊ दिलं नाही, तिथं त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

विंगेत आल्यावर म्हणाल्या, "बाई, आता कुणाला हात लावू देऊ नका." मी कडी ठोकून काढली, दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.

वरातीमागून घोडं यावं तसे पाहुणे आले. फीत कापली, रांगोळी तुडवत स्वतःच्या दोन पायांनी रॅम्प चढले, फोटो झाले. गर्दी त्यांच्यामागे सभागृहात गेली, तशी आक्कांनी खुर्ची दाराशी घेतली. चाकं हातानं आवरत, कुणाच्या मदतीशिवाय त्या खाली उतरल्या. तळाशी थांबून वर बघितलं.

"रस्ता लय झ्याक केलाय, बाई. उतरायला."

आता प्रत्येक कामाच्या करारात मी एक अट घालते. ज्याच्यासाठी बांधलं, त्यानं वापरल्याशिवाय फीत बांधायची नाही. समित्या हसतात आणि सही करतात. मालनआक्का त्या थिएटरात परत आल्या नाहीत.