अक्कांचं हळदीकुंकू आणि अडकलेली जीप

बंगळूरची रहदारी पोलीस सांभाळतात असा ज्यांचा समज आहे, त्यांनी आमच्या समोरच्या अक्का पाहिलेल्या नाहीत. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून मारतहळ्ळीजवळच्या एका लेआऊटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, राहायला आलो, तेव्हा सामानाचा ट्रक गल्लीत शिरताच या बाई पदर खोचून आडव्या उभ्या राहिल्या. कारण काय, तर गल्लीत त्यांची रांगोळी! लोक दारात काढतात, या रस्त्यात काढायच्या, आणि तीही बैलगाडीच्या चाकाएवढी, म्हणजे गाड्या आपोआप हळू जातात. आमच्या ड्रायव्हरने हॉर्न मारला. "अय्यो, बहिरी नाही मी! स्वल्प बाजूनं घे की," अक्का म्हणाल्या. बाजूला जागा असती तर घेतली नसती का बिचाऱ्याने? शेवटी आमचं कपाट, पलंग, सगळं गल्लीच्या तोंडापासून हातांनी वाहून आणलं. मी मनात म्हटलं, झालं, शेजार तर झकासच मिळाला! तासाभराने त्याच बाई पातेलंभर बिसी बेळे भात घेऊन दारात हजर. तीन पिढ्या बंगळुरात काढलेलं मराठी घराणं, त्यामुळे भातावर साजूक तुपाची धार आणि बोलण्यात निम्मं कन्नड.

पत्ता सांगणं हा त्यांचा दुसरा छंद. नुसतं सांगून समाधान व्हायचं नाही, त्या सोबतच निघायच्या. एकदा एका टेंपोवाल्याने हेब्बाळचा रस्ता विचारला. "तुला समजणार नाही, सरक तिकडं," म्हणत बाईसाहेब त्याच्या शेजारी चढून बसल्या आणि संध्याकाळी बसने परत आल्या. इकडे कणीक मळून ठेवलेली, यजमान उपाशी. विचारलं तर म्हणाल्या, "पोचला ना तो? सरी, झालं मग!" चिडावं तरी कसं अशा माणसावर?

खरं तर मी चिडायचं सोडलं ते नानांमुळे. नाना म्हणजे माझे सासरे. अर्धांगाचा झटका आल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. रोज चालले तरच पाय कामाचा राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फुटपाथ नावाची चीज तिकडे नव्हतीच. सपाट जागा म्हणजे काय ती आमची गल्ली. रोज संध्याकाळी नाना काठी टेकत निघायचे आणि अक्का फाटकातून ओरडायच्या, "नाना, डावा पाय उचला, घासू नका!" हेच मी म्हटलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. अक्कांचं मात्र निमूट ऐकायचे.

अशात बातमी आली, की गल्लीच्या टोकाची पेरूची बाग तोडून तिथे व्यापारी संकुल होणार. खाली दुकानं, वर लग्नाचा हॉल, आणि गाड्यांचं फाटक मोठ्या रस्त्याला नाही, आमच्या गल्लीत! पुरुषमंडळींनी मीटिंगा भरवल्या, म्हणजे चहा प्यायला. पाहणीला पालिकेचे साहेब नेमके भरदुपारी आले. गल्लीत एक कुत्रं तेवढं झोपलेलं. "रस्ता तर रिकामाच आहे," म्हणून ते निघून गेले. आता नानांनी चालायचं कुठे? गच्चीवर? मी अक्कांपुढे रडलेच.

"रडतेस काय? संक्रांत आलीय, हळदीकुंकू करू," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण त्या थेट साहेबांच्या ऑफिसात जाऊन बसल्या आणि संक्रांतीनंतर एका संध्याकाळी पाचला पुन्हा यायचं त्यांच्याकडून कबूल करून घेऊनच उठल्या. मग त्याच दिवसाचं आमंत्रण के. आर. पुरमपासून हेब्बाळपर्यंतच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरी गेलं. हळदीकुंकवाला बायका आपापल्या सवडीने येतात, ही आपली रीत. अक्कांनी ती साफ मोडली. "बरोब्बर पाचला यायचं, आणि चालत कुणी यायचं नाही. गाडी, स्कूटर, रिक्षा, असेल ते आणा!"

आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा बायका वेळेवर आल्या हो! गल्लीत मुंगी शिरायला जागा राहिली नाही. नवरे हॉर्न बडवताहेत, कुणाचा जरीचा पदर स्कूटरच्या चाकात अडकलाय, आणि या सगळ्याच्या पोटात साहेबांची जीप. ना पुढे, ना मागे. अक्कांनी खिडकीतूनच त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "तिळगूळ घ्या सर. गोड नाही बोललात तरी चालेल, आज खरं बोला!"

मी हसत होते, आणि एकदम नजर गेली. नाना! रोजच्या सवयीने ते फिरायला बाहेर पडले होते. दोन गाड्यांच्या मधे थरथरत उभे, काठी हातातून सुटलेली. मला तिथवर पोचता येईना. अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. शेवटी साहेबच जीपमधून उतरले, वाट काढत गेले आणि नानांना कमरेला धरून आमच्या पायरीपर्यंत घेऊन आले.

"हे रोज इथंच चालतात?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

साहेब पाणी प्यायले, गल्लीकडे बघत बसले आणि गाड्या हलल्यावर निघून गेले. अक्का मात्र रात्री नानांची माफी मागायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. तोंड बंद असलेल्या अक्का मी त्या एकदाच पाहिल्या. नानाच म्हणाले, "आत या, चहा घ्या."

संकुल झालं, पण फाटक मोठ्या रस्त्याला निघालं. पेरूची बाग गेली त्याची हळहळ वाटते, तरी त्याच दुकानांतून आम्ही सामानही आणू लागलो. त्या दिवसाच्या धसक्याने काही दिवस माझा हात धरून, पण नानांचं चालणं चालू राहिलं. आधी शेजारच्या घरापर्यंत, मग वळणापर्यंत, आणि पुढे पुढे माझा हात न धरता.

काही वर्षांनी अक्का लेकाकडे म्हैसूरला कायमच्या राहायला गेल्या. त्यांना निरोप द्यायला नाना पार मोठ्या रस्त्यापर्यंत आपल्या पायांनी चालत आले. मला अक्कांचे आभार मानायचे होते, किती तरी ठरवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी नुसतं रडूच आलं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी नाना उभेच होते.

"सूनबाई, हे पाय डॉक्टरांनी नाही गं," ते म्हणाले, "त्या बाईनं राखले."

मग आम्ही दोघं सावकाश, गल्लीच्या मधोमध चालत घरी आलो.