खटक्याचा चाकू

आणीबाणी यायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, शिरूरला झालं. हे दौंडला रेल्वेत, डब्यांतले दिवे-पंखे दुरुस्त करायच्या कामावर. नोकरी अजून पक्की नव्हती. सगळं पोट उजव्या हातावर. खिशात कायम घडीचा चाकू. त्यात पातं, पेचकस, टोचा, आणि सगळ्यांना खटका. काहीही उघडा, खट् करून बसायचं. खटका दाबल्याशिवाय मिटायचं नाव नाही. यांना त्या चाकूचं कोण कौतुक!

बाळ बघायला आले, तेव्हा माझी थोरली मावशी बाळाच्या उशाला लोखंड ठेवायच्या खटपटीत होती. विळा हातात घेतला आणि परत ठेवून दिला. "उघडी धार हाय, लेकराला लागायची. जावईबापू, तुमचा त्यो खटक्याचा चाकू द्या. आपसूक उघडायचा न्हाई."

यांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण पोराचं तोंड बघितलं आणि विरघळले. चाकू हातात द्यायचा नसतो, भांडण होतं, म्हणून जमिनीवर ठेवला, मावशीनं उचलला. "सव्वा महिना झाला की न्या," म्हणाली.

दौंडला जाऊन यांनी पेटीतला जुना चाकू काढला. त्याला खटका नव्हता, नुसती स्प्रिंग. डब्याखालच्या डायनामोचा जाड पट्टा कापताना पातं अडकलं, यांनी हिसका दिला आणि पातं बोटांवर मिटलं. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. बारशाला हे आलेच नाहीत. यांच्या बरोबरीचा एकजण आला, दारातच चुळबुळत उभा राहिला. "वहिनी, हाताला जरा लागलंय." जरा! मेल्यानं धड सांगितलं असतं, तर तशीच ओली बाळंतीण मी एसटीत बसले असते.

मावशी म्हणाली, "लेकरावरचं बापावर गेलं." असा संताप आला मला! म्हटलं, "घाला तुमचं लोखंड चुलीत!" ती रडली, मीही रडले. त्यानं बोटं थोडीच वाकणार होती?

सव्वा महिना उलटल्यावर हे आले. पट्टी निघाली होती. दोन्ही बोटं काठीसारखी ताठ. मी उशाखालचा चाकू काढून यांच्यापुढं जमिनीवर ठेवला. यांनी उचलला, पातं दातांनी ओढून उघडलं. खट्. मग सवयीनं उजव्याच हातानं मिटवायला गेले. खटका दाबला की चाकू हातातून निसटायचा, मूठ आवळायला बोटं वळायची नाहीत. पुन्हा पुन्हा करून बघितलं. मावशी मान फिरवून बसली. शेवटी उघडा चाकू तसाच माझ्यापुढं धरला.

"मिटव गं."

"अहो, खाली ठेवा आधी. हातात नाही देत."

"आता आणखी काय व्हायचंय?"

मी हातात घेतला, खटका दाबून मिटवला. वाटलं, खिशात घालतील.

"ठेव पोराच्या उशाला," म्हणाले, आणि बाळाच्या टोपऱ्याचा सुटलेला बंद बांधायला वाकले. तोही त्यांना बांधता येईना.