दोघांची एकच फ्रेम

पनवेलच्या बाजारात फ्रेमवाल्याकडे आईचा फोटो आणायला गेलो, तेव्हा उरणकडचा एक म्हातारा आधीच तिथे उभा होता. बंदरात ओझी उचलून रुंद झालेले खांदे आणि हातात जपून धरलेलं एक जुनं चित्र. चित्रात रशियातल्या क्रांतीचा पुढारी आणि त्याच्यामागून सत्तेवर आलेला त्याचा वारस, अगदी खेटून बसलेले.

“ह्या दुसऱ्याला कापून टाक,” म्हातारा म्हणाला. “आमी याच्या नावानं घोषणा दिल्या, आन यानं आपलीच मानसं मारली.”

फ्रेमवाल्याने पट्टी ठेवून पाहिली. “बाबा, याला कापला तर ह्या पहिल्याचा खांदा पण जातोय.”

माझंही मत म्हाताऱ्यासारखंच होतं, पहिल्याचं स्वप्न चांगलं, दुसऱ्याने त्याची वाट लावली. पण दोघांच्या मध्ये रेघ नेमकी कुठे मारायची, हे मीही कधी बघितलं नव्हतं.

म्हाताऱ्याने वारसाच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ एकट्या पुढाऱ्याकडे बघत राहिला. मग अंगठा उचलला.

“राहू दे दोघांना,” तो म्हणाला. “पन काच जाड लाव. घरी रोज भांडायचं हाय मला, दोघांशी.”