बारशाला जेवीन

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि गेल्या वर्षापर्यंत माझ्या बापानं माझ्या घरात अन्नाचा एक कण खाल्ला नव्हता. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. आमच्याकडं रीत आहे, लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता कोण पाळतंय हो हे? माझ्या मैत्रिणींचे आईबाप लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात लेकीकडं येऊन मटणाचा रस्सा ओरपतात. पण आमचे आण्णा म्हणजे मेंढरांमागं जन्म घालवलेला माणूस, एकदा धरलं की धरलं. यायचे, बाहेर ओट्यावर टेकायचे, गाठोड्यातल्या शेंगा नाहीतर बोरं माझ्या पदरात ओतायचे. मी ताट करायला उठले की म्हणायचे, "आज नको माय. बारशाला जेवीन. पयल्या पंगतीला बसतो का न्हाई बघ."

पहिली दोन वर्षं मला ते गोड वाटायचं, लाजायला व्हायचं. पाचव्या वर्षानंतर टोचायला लागलं. पुढं पुढं तर त्यांचा खोकला ओट्यावर ऐकू आला की मी आत भांडी आपटायला सुरुवात करायचे. त्यात त्यांची एक ठरलेली गोष्ट असायची. माहेरच्या गल्लीतल्या कुण्या बाईला पंचेचाळिसाव्या वर्षी पोरगं झालं म्हणे, आणि दर खेपेला ते पोरगं वर्षावर्षानं मोठं होत जायचं. आता शाळेत जातंय, आता सायकल चालवतंय. मला त्या पोराचं तोंडसुद्धा बघायची इच्छा राहिली नव्हती.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर चार महिन्यांनी आण्णांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. साखरेचा आजार जुना, जखम काही भरेना. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर रोज येऊन पट्टी बदलून घ्या, नाहीतर बोट जाईल. आमचं घर दवाखान्यापासून पायी दहा मिनिटांवर. सोमवारी सकाळी भाऊ त्यांना मोटारसायकलवर आणून सोडून गेला. आण्णा माझ्या घरी मुक्कामाला येण्याची ही पहिलीच वेळ. मी इतकी हरखले की सकाळीच दोनदा झाडून काढलं. मनात म्हटलं, आता सात दिवस आहेत. सात दिवस माणूस लेकीच्या घरात राहून न जेवता कसा राहतो, बघतेच मी.

त्या संध्याकाळी मी वांगी भरली, येसर मसाला घालून आमटी केली, ज्वारीच्या भाकरी अशा फुगल्या की माझं मलाच कौतुक वाटलं. ताटं मांडली आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला. माहेराहून, सिरसाळ्याकडून येणारा काळी-पिवळीवाला दारात उभा, हातात चार कप्प्यांचा डबा. वहिनीनं पाठवला होता. भावानं आणि आण्णांनी मिळून हे आधीच ठरवलेलं, मला कुणी शब्दानं सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी डबा येणार, त्यातलं उरलेलं आण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी खाणार.

"ह्ये काय आण्णा?" मी म्हटलं.

"माझं जेवण," ते म्हणाले. जसं काही धर्मशाळेत उतरले होते!

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नवऱ्यानं डोळ्यानं खुणावलं, गप बस. तो कॉलेजात शिपाई आहे, दिवसभर लोकांना शांत करायची सवय. हसत म्हणाला, "मामा, पाणी तर आमच्याच घरचं पिताय की."

"जारचं हाय ना? इकतचं पाणी. त्ये कुणाच्याच घरचं नसतंय."

"मंग हवा? ती तर ह्याच खोलीतली हाय."

"हवा देवाची, पाव्हणं," आण्णा म्हणाले आणि दोघं हसत सुटले. मी हसले नाही. माझी वांगी थंड होत होती.

मग आण्णांनी डबा उघडला आणि त्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली. "खा. माह्यारचं हाय." वर शेंगदाण्याची चटणी ठेवली चिमूटभर. मी रागातच घास मोडला आणि तोंडात घातला. ती चटणी आईच्या उखळातली होती. वहिनीनं तसंच जाडसर कुटलं होतं, तसाच लसूण. आई गेल्यापासून माहेरचा घास माझ्या तोंडी पडला नव्हता, कोण पाठवणार होतं? मी खाली मान घालून जेवले.

तेव्हापासून रोज तसंच. एका बाजूला माझा स्वयंपाक, एका बाजूला चाळीस किलोमीटर हिंदकळत आलेला डबा, आणि आम्ही तिघं गोल बसलेलो. त्यांच्या डब्यातलं माझ्या ताटात यायचं, माझ्या ताटातलं त्यांच्याकडं जायचं नाही. मंगळवारी शेपू, बुधवारी धपाटे आणि दही. माझ्या एक ध्यानात आलं, आण्णा रात्री एकच भाकरी खातात आणि डब्यात मात्र चार असतात. वहिनीला फोन केला, एवढ्या भाकरी कावून पाठवती? ती म्हणाली, "आण्णांनीच सांगून ठेवलंय, माज्या डब्यात तिच्या वाट्याचं घालीत जा."

हे ऐकून राग उतरायला पाहिजे होता. उलट चढला. माझ्यासाठी एवढा जीव तुटतो, मग माझ्या हातचं विष आहे का? गुरुवारी मी सरळ विचारलं. "आण्णा, माझ्यात काय कमी हाय म्हणून तुमी जेवत न्हाई?"

त्यांनी घास परत ताटात ठेवला. "कमी न्हाई माय. मी जेवलो तर देवाला वाटंल, ह्या म्हाताऱ्याचं भागलं. मंग कशाला देईल त्यो? मी उपाशी दिसलो पायजे त्याला."

मी ऐकलं, पण कानानंच. मनात माझं चालूच होतं, की तीन दिवस राहिले, आता कसं करावं.

शनिवारी डबा आलाच नाही. वाटेत ट्रॅक्टर आडवा पडून रस्ता बंद झालेला, जीप तिकडंच अडकली. पण आण्णांना काय माहीत? सात वाजता त्यांनी जेवणाआधीची साखरेची गोळी घेऊन टाकली. साडेसात झाले. आठ वाजत आले. बोलता बोलता त्यांना दरदरून घाम फुटला, हात लटलटा कापायला लागले. मी स्वयंपाकघरातून मूठभर साखर आणली आणि त्यांच्या तोंडाला लावली. तर त्यांनी ओठ मिटून घेतले! मान फिरवली! डोळ्यांपुढं अंधारी आलेला माणूस, आणि लेकीच्या घरची साखर तोंडात घेईना.

"शेजारून आण," एवढंच पुटपुटले.

नवरा पळत गेला. शेजारच्या मावशी साखरपाणी आणि ताट घेऊन आल्याच, पण दारातच माझ्या कानाला लागल्या. "अगं, पिठलं तेवढं माझं हाय, भाकरी संपल्यात. तुझीच भाकर घाल ह्या ताटात. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

खरंच काही कळलं नसतं. माझ्या तव्यावरची गरम भाकरी दोन हातांवर होती. पण मी म्हटलं, "न्हाई मावशी. माझी भाकर खायची तर माझ्या नावानं खायची." मावशींनी कपाळावर हात मारला, परत घरी जाऊन सकाळची शिळी भाकरी घेऊन आल्या. आण्णांनी साखरपाणी प्यायलं, शिळी भाकरी नि पिठलं खाल्लं. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. मावशी गेल्या. नवऱ्यानं पंखा लावला.

आणि मी फुटले. इतक्या वर्षांचं सगळं एकदम तोंडाशी आलं.

"मराल ना एखाद्या दिवशी, माझ्याच घरात उपाशी मराल! कुणासाठी चाललंय हे? कुणाचं बारसं आण्णा? माझी पिशवी काढून तीन वर्षं झाली. रक्त थांबत नव्हतं, डॉक्टरांनी काढून टाकली. काही न्हाई आता माझ्या पोटात, कळलं? काही व्हायचं न्हाई!"

नवरा "अगं, अगं" करत राहिला.

आण्णांनी विचारलं, "तुझ्या मायला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"बरं," ते म्हणाले. उठून पाय ओढत मोरीशी गेले, हात धुतले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

आईला सगळं माहीत होतं. ऑपरेशनला तीच माझ्याजवळ होती, आण्णांना तिनं गाठ काढली असं सांगितलेलं. मी तेव्हा म्हटलं होतं, खरं काय ते सांगून टाकू, एकदाचं मोकळं होऊ. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "न्हाई सांगायचं. त्यो वाट बघतोय, बघू दे त्याला." मला वाटलं होतं, आण्णांना दुःख होऊ नये म्हणून म्हणत असेल.

रविवारी आण्णा सकाळी पट्टी करून आले. बोट वाचलं, जखम भरायला लागली, डॉक्टर खूष. दिवसभर ते ओट्यावर बसून होते. मी दोनदा माफी मागायला गेले आणि दोन्ही वेळा पाण्याचा जार नीट आहे का बघून परत आले. संध्याकाळी जीप आली. वहिनीनं कालच्याबद्दल म्हणून डबा जास्तच भरून पाठवला होता. आण्णांनी तो घेतला, माझ्या हातात दिला आणि माझ्या चुलीसमोर, म्हणजे गॅसच्या ओट्यापुढं, मांडी घालून बसले.

"ह्यो तुमी खा. मला तुझ्या हातचं वाढ."

अगं बाई, ह्याच शब्दासाठी मी जिवाचं रान केलं होतं! मी ताट घेतलं. आमटी वाढली. भाकरी थापायला घेतली तर कडा फाटायला लागल्या. आण्णांनी ताटाला हात लावला, डोळे मिटले, पहिला घास आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. सावकाश चावला.

"येसर झकास झालाय," म्हणाले. "तुझ्या मायवाणी."

त्या क्षणी मला कळलं मी काय केलंय. गावाकडच्या सासूनं वाट बघणं कधीच सोडलं होतं. नवऱ्यानं सोडलं होतं, "आपण दोघंच बरे" म्हणून. मी स्वतः तर तीन वर्षांपूर्वी सोडलं. माझ्या लेकराची वाट बघणारा सगळ्या जगात एक माणूस उरला होता, इतकी वर्षं माझ्या दारात उपाशी बसून, आणि त्यालाही मी जेवायला बसवलं. मला ते ताट ओढून घ्यावंसं वाटलं. म्हणावंसं वाटलं, आण्णा, खोटं बोलले मी, रागात बोलले, थुंका तो घास. आण्णांनी दुसरी भाकरी मागितली. मी वाढली. तव्याकडं तोंड करून मी रडले, ते त्यांना दिसलं असणार.

सोमवारी निघताना मी पाया पडले. जीपमध्ये बसेपर्यंत मी थांबून होते, की आता म्हणतील, नेहमीचं. ते म्हणाले, "येतो माय, जप."

आता दर महिन्याला पाय दाखवायला येतात. ओट्यावर टेकत नाहीत, सरळ आत येतात, माठातलं पाणी पितात, पोटभर जेवतात. त्या सायकलवाल्या पोराचं नाव काढत नाहीत. शेजारच्या मावशी म्हणतात, जिंकलीस बाई शेवटी. मी ताट वाढायला उठते आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, हात जरा आखडता घेते. एकदा तरी म्हणा ना आण्णा, आज नको माय, बारशाला जेवीन.