विल्फ डँक्सने बिघडवलेली बंदूक

बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या नेदरटनमध्ये कुणाची छर्ऱ्याची बंदूक कुरकुरायला लागली की लोक म्हणायचे, "विल्फकडे टाक." आमची माणसं छातीत कळ आली तरी डॉक्टरकडे जायला महिना लावतील, पण बंदुकीच्या बाबतीत चालढकल नाही. विल्फ डँक्स जहाजांच्या साखळ्या बनवणाऱ्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा, होता. तिथून सुटला आणि परसातल्या शेडमध्ये स्वतःचं लेथ मांडून बसला. जुन्या बंदुका विकत घ्यायच्या, खोलायच्या, जुळवायच्या आणि मग विकायच्या सोडून जिन्यात टांगून ठेवायच्या, हा त्याचा धंदा. त्याला धंदा म्हणणारा तो एकटाच. बैठकीच्या खोलीत बंदुका, न्हाणीघराच्या दारामागे बंदुका, बहुतेक सगळ्या युद्धाआधीच्या, बर्मिंगहॅमच्या, अक्रोडाच्या दस्त्याच्या. "लग्न का नाही केलंस रे?" असं कुणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "केलं असतं. पण मग तिला कपाट लागलं असतं."

मी हिल्डा विलेट्स. माझा नवरा क्लेम आणि हा विल्फ तरुणपणापासून एकाच संघातले. हिवाळाभर दर मंगळवारी पबच्या मागच्या खोलीत आमची घंटीची स्पर्धा असते. भिंतीवर लोखंडी पाटी, तिच्या मधोमध करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक, भोकामागे घंटी. उभ्याने नेम धरायचा. छर्रा भोकातून गेला तर घंटी वाजते. नाही गेला तर पाटीवरच्या ओल्या पांढऱ्या रंगात काळा डाग उमटतो, आणि पाटीशेजारचा माणूस सगळ्यांना दिसेल असा तो दाखवून मग ब्रशने रंगवून टाकतो. हे ब्रशचं काम मिळालं की आमचे पुरुष लग्नातल्या वरबापासारखे मिरवतात.

आता स्प्रिंगच्या बंदुकीचं असं असतं, की चाप ओढला की आतली दाबून धरलेली स्प्रिंग सुटते, दट्ट्याला पुढे रेटते आणि हवेच्या जोराने छर्रा निघतो. काम झालं तरी स्प्रिंग काही गप्प बसत नाही. नळकांड्यात आपटत थरथरत राहते. टणाणाणा! हा आवाज विल्फला दातदुखीसारखा वाटायचा. त्याची सगळी विद्या तो आवाज मारण्यात गेली. स्प्रिंगच्या आतली दांडी तो लेथवर अशी कातायचा की केसाचीही फट राहू नये. चामड्याचा वायसर स्वतः कापून तेलात भिजत घालायचा. ग्रीस कुठे किती लावायचं हे तो बोटालाच विचारायचा. मग ती बंदूक उडाली की फक्त "थप्" व्हायचं, कुणीतरी जाड पुस्तक मिटावं तेवढंच. पार हेल्सोवन गावापर्यंतचे लोक त्या "थप्" वरून ओळखायचे, की ही विल्फच्या शेडमधून आलेली.

आणि त्याच संघात, त्याच्या शेजारी उभं राहून माझा नवरा टणाणा करायचा.

क्लेमची बंदूक त्याच्या बापाची होती. तिच्यासारखी बोंबलणारी बंदूक आमच्या भागात दुसरी नव्हती. विल्फ वर्षानुवर्षं मागे लागायचा, "क्लेम, एक दिवस दे माझ्याकडे. एकच दिवस. मी झोपत नाही रे तिच्या आवाजाने."

"मग कानात बोळे घाल," क्लेम म्हणायचा. "मेलो तरी हात लावू देणार नाही. तू तिला मुकी करशील."

"तुझं तोंड बंद करता येत नाही, निदान बंदुकीचं तरी करू दे!"

हे भांडण इतक्या वेळा झालं होतं, की एखाद्या मंगळवारी झालं नाही तर पबवाल्याला काळजी वाटायची.

क्लेम मार्चमध्ये गेला. झोपेत गेला, त्याबद्दल मी देवाचे आभारच मानते. आमच्या संघाची रीत अशी, की माणूस गेला की त्याची बंदूक पबच्या भिंतीवर टांगायची. पुढचा हंगाम सुरू होताना पहिल्या सामन्यात त्याच्या घरच्या माणसाने ती खाली घ्यायची आणि पहिल्या फेरीचे सगळे छर्रे झाडायचे. आम्हाला मूल नाही, म्हणजे मीच. मी काही नवशिकी नव्हते, लग्नाआधी बायकांच्या संघात होते. नेमाची मला चिंता नव्हती. मला वेगळंच हवं होतं, आणि ते सरळ सांगते. संध्याकाळी क्लेम परसात सराव करायचा आणि मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत असायचे. तो टणाणा आवाज आला की माणूस घरात आहे हे कळायचं. त्याचे फोटो माझ्याकडे होते, कोट होता. आवाज तेवढा नव्हता. उन्हाळाभर मी त्या एका गोष्टीची वाट पाहत होते, की बंदूक हातात येईल आणि तो आवाज मला परत ऐकू येईल.

सप्टेंबरात एका दुपारी विल्फ दारात उभा. काखेत कांबळं, कांबळ्यात क्लेमची बंदूक. दस्ता असा चमकत होता की त्यात माझा चेहरा दिसावा.

"पबवाल्याला विचारून उतरवली," तो म्हणाला. कानापर्यंत हसत होता. "म्हटलं, हिल्डा पहिली फेरी झाडणार, तिच्या खांद्याला त्रास नको. उडवून तर बघ!"

मी परसात जाऊन छर्रा भरला. चाप ओढला.

थप्.

परत भरला, परत ओढला. थप्.

"लोण्यासारखी उडते की नाही?" विल्फ म्हणाला.

"कुठे गेला तो?"

"कोण?"

"आवाज, मेल्या! त्याचा आवाज!"

"काढला ना," विल्फ म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचं हसू उतरलं.

मग माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. जुनी स्प्रिंग कुठे आहे म्हणून विचारलं, तर ती भंगारवाल्याच्या गाडीत गेलेली. तो टोपी हातात धरून ऐकत उभा राहिला. चांगलं करायला गेलेला माणूस होता तो, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण रडू आलं की दिसलेलं काय कामाचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत हजर. "शेडमध्ये चल. मी तिला बिघडवतो."

"बिघडवतोस?"

"होती तशी. पण मला तो आवाज नीट आठवत नाही, हिल्डा. क्लेम उडवायला उभा राहिला की मी कान झाकायचो. तुझ्या कानात असेल तो. तू ऐक, मी करतो."

मग रोज दुपारी मी त्याच्या शेडमध्ये उलट्या घमेल्यावर बसून डोळे मिटून ऐकायचे. विल्फने त्या बंदुकीतलं ग्रीस पुसून काढलं, इतक्या प्रेमाने कातलेली दांडी सैल केली. डब्यातून म्हाताऱ्या, वाकलेल्या स्प्रिंगा काढून एकेक बसवून पाहिली. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू धुतलेल्या फरशीवर कुणी त्यालाच चिखल सांडायला लावलंय.

"हा?"

"नाही. हा तर सायकलवरून पडला."

"हा?"

"हा क्लेमचा भाऊ वाटतोय. कोरड्या गळ्याचा."

"अगं, चांगलं सांग की! जाड हवा की बारीक?"

"शेवटी किणकिणायचा तो. टणाणा झाल्यावर मागे बारीक किणकिण राहायची. तुमच्या कुणाच्या लक्षात आली नसेल. मी रोज ऐकलीय."

विल्फचा हात थांबला. त्याने चिंधीने बोटं पुसली. मग खाली बघत म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. सांगणार नव्हतो मी."

"सांग."

"खोलली तेव्हा स्प्रिंगच्या मागे जुना अर्धा पेनी होता. कडा घासून बसवलेला. स्प्रिंग ढिली पडली म्हणून क्लेमने आधाराला घातला असणार. आता असल्या बंदुकीत, हिल्डा, नाणं?" बोलताना त्याला खरंच लाज वाटत होती, आणि ती क्लेमची लाज होती. "तुला कशाला सांगायचं म्हटलं. माणूस गेलाय, त्याची अब्रू कशाला काढायची? भंगारातच टाकला मी तो."

मी इतकी हसले की घमेल्यावरून पडता पडता राहिले. कितीतरी महिन्यांनी हसले होते. "अरे, आमच्या मागच्या दाराच्या बिजागरीतही पेनी आहे! तो माणूस पाचर म्हणून नाणं सोडून दुसरं काही वापरायचाच नाही. लग्नाचा पलंग तीन पेन्यांवर उभा आहे!"

विल्फ आधी घाबरून माझ्याकडे बघत राहिला, मग तोही हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जुनी नाणी चलनातून जाऊन तोवर काही वर्षं झाली होती, पण माझ्या घरी बरणीभर होती. मी पळत जाऊन एक अर्धा पेनी आणला. विल्फने कडा घासल्या, बसवला आणि बंदूक जोडली. त्याने शेडच्या दारातून भिंतीवरच्या लाकडावर नेम धरला, मी डोळे मिटले.

टणाणाणा, आणि मागे बारीक किणकिण.

"क्लेम, चहा ओतलाय," मी म्हणाले.

असं काही म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. विल्फने मान वळवली नाही, बंदूक तशीच धरून तो भिंतीकडे बघत राहिला, आणि मला जेवढा वेळ लागला तेवढा त्याने दिला. त्या माणसाचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार? पैसे घ्यायचं नाव काढलं नाही. रुबार्बचा मुरंबा घेतला, तोही बरणी परत देण्याच्या अटीवर.

ऑक्टोबरातला पहिला सामना हेल्सोवनच्या संघाशी होता. त्यांचा कप्तान होरेस ट्रोमन्स हा जिभेचा तिखट माणूस. तो दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून पुढेच बसलेला. खोली गच्च भरली होती, चीज-कांद्याचे पाव फिरत होते. पबवाल्याने पुन्हा भिंतीवर गेलेली बंदूक उतरवून माझ्या हातात दिली, तसे पाव फिरायचे थांबले. मी उभी राहिले, नेम धरला आणि चाप ओढला.

आवाज खोलीभर झाला. छर्रा भोकाच्या बाजूला लागला, घंटी काही वाजली नाही. मला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. मी ती किणकिण विरेपर्यंत उभी राहिले आणि आमच्या संघातल्या म्हाताऱ्यांनी एकेक करून ग्लासात तोंड घातलं.

ट्रोमन्सला यातलं काही माहीत नव्हतं. तो मांडीवर थाप मारून ओरडला, "अरे देवा! कपाटातून भांडी कोसळली की काय? असली बंदूक जुळवली कुणी रे? कुठल्या लोहाराने?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून विल्फ डँक्स उठला. जन्मभर कमावलेलं त्याचं नाव त्या एका खोलीत होतं, आणि ते त्याला माहीत होतं. त्याने टोपी काढली.

"मी," तो म्हणाला. "आणि माझ्या हातून याहून चांगलं काम झालेलं नाही. हिल्डा, दुसरा छर्रा भर."