हिरव्या जाकिटातला अर्धा इंच

“मी चांगली बाई नाही गं, सावध बाई आहे,” असं मावशी मला एकदा म्हणाली होती. मी ते विनयात जमा केलं आणि विसरून गेले.

मावशी कपडे बेतायची. चाळीस वर्षं एकच टेबल, एकच कात्री. कात्रीच्या अंगठ्याच्या कडीला तिने हिरवी चिंधी गुंडाळलेली होती. बोट सोलवटू नये म्हणून असेल, असं सगळे समजायचे. तिच्या हातच्या कपड्याची खूण आतून कळायची. पुढे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, माया म्हणतात तिला. बाकीचे बोटभर सोडतात, मावशी दोन बोटं सोडायची. दुकानाचे मालक कपाळाला हात लावायचे.

“कापड बेततेस की दान करतेस?”

“माणसं फुगतात, मालक. आरशाशिवाय कुणाला सांगत नाहीत, एवढंच.”

गिऱ्हाइकं तिला देवमाणूस म्हणायची. माझी आई, तिची धाकटी बहीण, तर उठता-बसता.

त्या दुपारी आई मला घेऊन दुकानात गेली आणि कागदात गुंडाळलेलं जुनं हिरवं जाकीट तिने टेबलावर ठेवलं. एकविसाव्या वर्षी आई गाण्याच्या स्पर्धेत एकटी उभी राहिली होती, मावशीने बेतलेलं हेच जाकीट घालून. वरच्या सुरावर आवाज तुटला. त्यानंतर ती फक्त नळ सोडून, भांडी घासताना गायची. आता साठीत गल्लीतल्या बायकांनी तिला पुन्हा एकटीने गायला बोलावलं होतं.

“ताई, दोन्ही बाजूंनी सैल करून दे. तुझ्या हातचं आहे, आत भरपूर असेल.”

मावशीने जाकिटाला हात लावला नाही. “कापड विरलंय. उसवलं तर फाटेल. नवं बेतू.”

“नवं नको. घालीन तर हेच. यातच हरले होते ना!” आई हसली आणि हसता हसता थांबली. “जाऊ दे. खरं सांगू? निरोपच पाठवते, जमणार नाही म्हणून. माझा श्वासच आखूड. तेव्हाही पुरला नव्हता.”

ती कागद परत गुंडाळू लागली. मावशीने जाकीट तिच्या हातातून ओढून घेतलं, उलटं केलं आणि अस्तर उसवून तिच्यापुढे पसरलं. आत कापड शिवणीच्या अगदी लगत कापलेलं होतं. दोरा धरेल, एवढंच उरलेलं.

“हे काय गं? लोकांना पोत्याने आणि बहिणीला चिमटीने?”

“तुझा श्वास आखूड नव्हता,” मावशी म्हणाली. “मी छातीत अर्धा इंच कमी बेतलं. दोन्हीकडून. आणि ऐन वेळी कुणी सैल करू नये म्हणून माया कापून टाकली. नुसती उभी राहिलीस तेव्हा छान बसलं होतं. दम भरल्यावर काय होईल, ते मला माहीत होतं.”

“चुकून?”

“नाही. गात दोघीही होतो. बोलावणं तुला आलं.”

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडला लावत होतं. तो खडखडाट फार वेळ चालला. आई कात्रीकडे बघत होती.

“ती चिंधी…”

“त्यातलीच.”

“चाळीस वर्षं? सोड ती आता.”

“नको, राहू दे.” मावशीने अंगठा कडीत घातला. “ज्या हाताने तुझं कापलं तोच हा. दुसरा कुठून आणू? आधी वाटायचं, काम करून करून आतलं काळं धुवून निघेल. नाही निघालं. मग त्यालाच शेजारी घेऊन बसले. कात्री चालवायच्या आधी विचारते, आज काय आहे रे मनात? कधी कधी खरं सांगतं. मग कात्री ठेवते आणि चहा पिऊन येते.”

“तरीच दिवसाला सहा चहा,” आईच्या तोंडून निघून गेलं. डोळे भरलेले होते, आवाज चिडलेला होता. मग तिने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, “एकवीस वर्षांची होते गं मी.”

मावशी टेबलाची कड धरून उभी होती. तिने मान खाली घातली नाही.

शेवटी आईने पर्स माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात बाजूला पसरले.

“घे माप.”

मावशीने गळ्यातली टेप काढून तिच्या छातीभोवती धरली.

“अशी नाही. थांब.” आईने डोळे मिटले आणि दम भरला. पार पोटापासून. तो संपेचना. टेप मावशीच्या बोटांतून सरकत गेली, आणखी सरकत गेली. मावशी आकड्याकडे बघतच राहिली.

“वाच की,” आई कोंडलेल्या आवाजात म्हणाली, “मरेन मी!”

मावशीने आकडा वाचला, मी लिहून घेतला.

“या मापाचं कर,” आई धापा टाकत म्हणाली. “दुसरं कापड जोड. जोड दिसली तर दिसू दे. आणि माफ केलं असं समजू नकोस, ताई. आधी गाऊन बघू दे.”

मावशीने टेप गळ्यात टाकली. उसवलेलं जाकीट घडी न घालता तसंच हातावर घेतलं, उजेडात धरून त्याचा रंग पाहिला आणि समोरच्या कापडवाल्याकडे तसा हिरवा शोधायला बाहेर पडली.